परकारकाका आणि मधली राणी

परकारकाका कागद फाडायचे तेव्हा त्याचा आवाज होऊ द्यायचे नाहीत. पक्की प्रत टाइप झाली, साहेबांची सही झाली, की कच्चा कागद मधोमध घडी घालायचे, घडीवरून नख फिरवायचे आणि हलक्या हातानं त्याचे आधी दोन, मग चार तुकडे करायचे. मी ऑफिसात नवीन होते तेव्हा एकदा विचारलं, "काका, ठेवून द्यावेत ना हे. लागले कधी तर?"

"दोन कागद ऱ्हायले की भांडण ऱ्हातं गो बाय," ते म्हणाले. "एकच ठेवायचा. आणि तो बरोबर ठेवायचा."

याच सवयीनं पुढे त्यांची झोप उडवली, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली.

बहरीनमधल्या मनामातलं ते ऑफिस बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीचं होतं. नव्वदीची पहिली वर्षं. कुवेतचं युद्ध संपलं होतं आणि पळून गेलेली माणसं परत येऊन कामाला लागली होती. मी पुण्याहून लग्न करून आलेली. नवरा बँकेत, घर जुफैरला. दिवसभर एसीची घरघर ऐकत बसण्यापेक्षा बरं म्हणून मी ही नोकरी धरली. शरफुद्दीन परकार तिथे चोवीस वर्षं टायपिस्ट होते. मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. उंच, खांद्यांत वाकलेले, आखूड पांढरी दाढी. शर्टाच्या खिशात पेन्सिल असायची, पेन कधीच नाही. ऑफिसातले सगळे त्यांना परकारभाई म्हणत. मी काका म्हणू लागले आणि त्यांनीही मला पहिल्याच दिवशी 'बाय' करून टाकलं. माझं नाव त्यांनी नंतर कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

सकाळी आल्यावर पहिलं काम मशीनचं. टाइपांत साठलेली शाई टाचणीनं उकरायची, मग जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून घासायची. "ह्या ई आणि ए दोघी लय खादाड," ते म्हणत. "ह्यांची पोटं पयली भरतात."

टाइप करताना ते मजकूर वाचत नसत. डोळे कागदावर, बोटं मशीनवर, आणि मधे कुणीच नाही, असं त्यांचं काम. "वाचायला लागलो की चुकतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मजकुरात काही चूक वाटली तरी ते स्वतः दुरुस्त करत नसत. ओळीच्या कडेला पेन्सिलीनं बारीक फुली मारत आणि कागद साहेबांपुढे ठेवत. आमचे मॅनेजर मॅथ्यूसाहेब एकदा एका पुरवठादारावर भयंकर भडकले होते. 'यापुढे तुमच्याशी व्यवहार करणार नाही' असं लिहायचं होतं, पण रागाच्या भरात लिहिताना त्यातला 'नाही' राहून गेला. काकांनी होतं तसं टाइप केलं आणि फुली मारली. साहेबांनी न बघता सही ठोकली. पंधरा दिवसांनी त्या पुरवठादाराचा आनंदानं ओसंडणारा फोन आला, तेव्हा साहेब काकांच्या टेबलाशी येऊन ओरडू लागले. काकांनी फाइल काढली, पत्राची प्रत काढली, फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आय आस्क्ड, सर." त्या दिवसापासून मॅथ्यूसाहेब सही करण्याआधी कागदाची कड बघू लागले.

काका बुसैतीनला राहायचे. एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरची खोली, कोकणातलेच आणखी दोघे सोबतीला. त्यांच्याजवळ स्वतःचं एक लहान टाइपरायटर होतं. गाववाल्यांचे व्हिसाचे अर्ज, रजेची पत्रं ते संध्याकाळी त्यावर करून द्यायचे. वरच्या मजल्यावर उस्ताद फिक्री नावाचे निवृत्त इजिप्शियन शिक्षक मुलीबरोबर राहत. सगळी हयात त्यांनी बहरीनच्या शाळांत इतिहास शिकवला, आणि सुट्टीत इजिप्तला गेले की तिथल्या संग्रहालयांत बसून टिपणं काढली. बायको वारलेली. मुलगी नादिया, तीही शिक्षिका. टाइपरायटरचा आवाज ऐकून हे उस्ताद एकदा खाली आले आणि त्यांनी काकांना विचारलं, "तुम्ही पुस्तक टाइप कराल का?"

हे सगळं मला जेवणाच्या सुट्टीत कळत गेलं. आम्ही दोघं फाइलींच्या खोलीत डबा खायचो. काकांच्या डब्यात बहुतेक तांदळाची भाकरी आणि सुकं काहीतरी. आणि एके दिवशी, ज्यांनी चोवीस वर्षांत टाइप केलेल्या कुठल्याही कागदातला एक शब्द कुणाला सांगितला नव्हता, ते काका भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बाय, मिसरच्या राजांचं एक मोठं लफडं हाय."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

लफडं असं होतं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये अखेनातेन नावाचा राजा झाला. त्यानं जुने देव बाजूला सारून एकट्या सूर्याची पूजा सुरू केली. त्याच्यामागून थोड्या वर्षांनी तुतनखामुन हा पोरगा गादीवर आला, ज्याचं सोन्यानं भरलेलं थडगं पुढे सापडलं. पण त्या दोघांच्या मधे, दोन-तीन वर्षं, गादीवर कोण होतं हे कुणालाच धड माहीत नाही. एक नाव मिळतं स्मेंखकरे, तो तरुण पुरुष. दुसरं मिळतं नेफरनेफरुआतेन, ती बाई. ती अखेनातेनची बायको की मुलगी, ती आधी आली की तो आधी, यावर विद्वानांची भांडणं. गोंधळ वाढवायला आणखी एक गोष्ट: गादीवर बसताना राजे जे नवं नाव घेत, ते दोघांचं एकच होतं, अंखखेपेरुरे. नंतरच्या राजांनी तर हे सगळेच राजे यादीतून खरवडून काढले, जणू कुणी झालंच नव्हतं.

"उस्ताद म्हणतात बाईच हुती," काका म्हणाले. "तिनं एकटीनं राज्य सांभाळलं. थोरली मुलगी त्याची. पोरगा मोठा होईपर्यंत."

"तुम्ही वाचता की काय काका टाइप करताना?"

ते ओशाळले. "ह्येच पयलं वाचलं," म्हणाले.

त्यानंतर रोज तो विषय निघे. एका दुपारी त्यांनी मला त्यांच्या आपाचं सांगितलं. वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य, होते, एका पावसाळ्याच्या तोंडाशी समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. काका आठ वर्षांचे, थोरली बहीण राबियाआपा एकोणीस. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. बारा वर्षं घर, माड, धाकटी भावंडं, आजारी आई, सगळं तिनं ओढलं.

"मग मी वीस वर्षांचा झालो. गावातली मान्सं म्हणाली, आता घरचा पुरुष तयार झाला. घराच्या कागदावर बाबांच्या नावाखाली माझं नाव लागलं. मधे आपाचं नाय."

"तिला वाईट वाटलं असेल."

"ती म्हणाली, बरां झालां. आणि चुलीकडं गेली." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मला तवा काय वाटलंच नाय गो. हे उस्तादचं टाइप करताना पयल्यांदा वाटलं. आता कोनाला सांगू? आपा तर गेली."

तीन वर्षं ते पुस्तक चाललं. उस्ताद जुन्या परीक्षेच्या कागदांच्या पाठीवर इंग्रजीत लिहीत, काका ते टाइप करत, उस्ताद त्यात खाडाखोड करत, काका पुन्हा टाइप करत. प्रत्येक नवी प्रत झाली की जुनी चार तुकडे होऊन टोपलीत जाई. तसं दोघांचं ठरलेलंच होतं. उस्तादांना मधुमेह होता, डोळ्यांनी दिसेनासं होत चाललं होतं. कडेच्या पेन्सिलीच्या फुल्या त्यांना दिसत नसत. ते काकांना म्हणाले, "परकार, मी जन्मभर अरबीत शिकवलं. माझं इंग्रजी स्पेलिंग कच्चं आहे. स्पेलिंग चुकलं की मला विचारत बसू नकोस, सरळ सुधार."

याच सुमारास ऑफिसात कॉम्प्युटर आले. काकांना ते यंत्र आवडलं नाही, पण मी शिकवलं आणि ते शिकले. मॅथ्यूसाहेबांची परवानगी काढून रोज ऑफिस सुटल्यावर तासभर बसून त्यांनी अख्खं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवलं. इंग्लंडातल्या एका प्राध्यापकांनी ते वाचून प्रकाशकाकडे शिफारस करायचं कबूल केलं होतं. पण ते महिनाअखेरीला कुठे खोदकामावर जाणार होते, त्याआधी पुस्तक त्यांच्या हाती पडायला हवं होतं. आणि नेमके त्याच आठवड्यात उस्ताद डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल झाले. फक्त प्रस्तावना राहिली होती. ती शेवटी लिहायची असं त्यांचं म्हणणं होतं. ती मागाहून पाठवू, असं नादियानं ठरवलं.

त्या संध्याकाळी काकांनी मला बोलावलं. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाय, हे बग. राजाचं नाव. हितं मधे टी हाय, हितं नाय. काही जागी टी, काही जागी बिनटीचं."

मी पाहिलं. खरंच, अंखखेपेरुरे या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात काही ठिकाणी मधे एक टी जास्त होता.

"उस्ताद म्हणतात दोघांचं नाव एकच," काका म्हणाले. "मग स्पेलिंग दोन कशी?"

"चूकच असणार काका. त्यांना दिसत नाही ना. एकसारखं करून टाकू."

"विचारायला हवं हुतं."

"ते म्हणालेत ना विचारू नका म्हणून? आणि उद्या पोस्टात पडायला हवं."

ते पेन्सिल बोटांत फिरवत बसले. मी खुर्ची ओढली. शब्द शोधून सगळीकडे एकदम बदलायची सोय त्या यंत्रात होती आणि ती काकांना दाखवायची मला हौसही होती. टीवाला शब्द लिहिला, खाली बिनटीचा लिहिला, बटन दाबलं. पडद्यावर आकडा आला: एक्कावन्न बदल.

"एक्कावन?" काका चकित झाले. "एका बटनात?"

"एका बटनात."

दुसऱ्या दिवशी छापील प्रत पोस्टात पडली आणि काकांनी जुने कागद आवाज न करता फाडून टाकले.

उस्तादांचा डोळा सुधारला नाही. साखरेनं आतला पडदाच खराब झाला होता, त्यामुळे ऑपरेशन होऊनही उजेड आणि सावली एवढंच कळे. दोन-अडीच महिन्यांनी इंग्लंडचं पत्र आलं. ते काकांनीच वाचून दाखवायचं, असं उस्तादांनी ठरवलं, आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मुलीलाही घेऊन ये म्हणाले. म्हणून एका शुक्रवारी सकाळी मी पहिल्यांदा त्या घरी गेले. उस्ताद लहानखुरे होते, पायघोळ पांढरी गलाबिया घातलेली, तोंड माझ्याकडे पण नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे. नादियानं चहा आणि खजूर ठेवले. उस्ताद म्हणाले, "वाच."

काका उभे राहून वाचू लागले. सुरुवातीला स्तुती होती. परिश्रम, चिकाटी, वगैरे. मग प्राध्यापकांनी लिहिलं होतं की लेखकाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. राणीनं तेच नाव घेतलं खरं, पण तिच्यासाठी ते लिहिताना त्यात स्त्रीलिंगाचा टी घालत. अंगठ्यांवर, मातीच्या ठशांवर तो टी कुठे आहे आणि कुठे नाही, यावरूनच ती आणि तो वेगळे काढता येतात. लेखक एकेक वस्तूवरचं नाव देत जातो आणि शेवटी राणीच होती असं सांगतो, पण ते नाव मात्र सगळीकडे एकच देतो, पुरुषाचं. एकाही ठिकाणी टी नाही. तेव्हा लेखकानं मूळ वस्तू नीट पाहिल्या आहेत की नाहीत अशी शंका येते, आणि शिफारस करणं शक्य नाही. टीचा हा खुलासा उस्ताद प्रस्तावनेत करणार होते, आणि ती अजून लिहायचीच होती.

टीवर आल्यावर काकांनी कागद खाली घेतला. मला वाटलं आता ते थांबतील, काहीतरी गुळमुळीत सांगून पत्र घडी करतील. उस्तादांना कळलंही नसतं. पण ते पुन्हा त्याच ओळीपासून वाचू लागले आणि शेवटच्या सहीपर्यंत सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही.

"टी नाही?" उस्ताद म्हणाले. "कुठेच नाही?"

"मी काढला, उस्ताद."

"किती ठिकाणी?"

"सगळीकडं. मला स्पेलिंग चुकलं वाटलं."

"तुझ्या मनानं?"

"माझ्या मनानं."

मी तिथे, हातभर अंतरावर, चहाचा पेला धरून बसले होते. मी पेला ओठांना लावला.

"जुने कागद?"

"फाडले."

उस्तादांनी हातानं चाचपत टेबलाची कड शोधली आणि ती धरून उठले. "खलास," एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं.

जिना उतरताना मी म्हटलं, "काका, मी सांगते त्यांना. बटन मी दाबलं होतं." ते न वळता म्हणाले, "तू घरी जा, बाय." खालच्या दाराशी मात्र थांबले. बाहेरचं ऊन पांढरंफटक होतं. म्हणाले, "आपाला मी दोन वेळा पुसून टाकलं गो. एकदा घराच्या कागदावर, एकदा हितं."

पुढचं मला नादियाकडून कळलं. काका दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की वर जात आणि दार वाजवत. उस्ताद उघडू देत नसत. काका तासभर जिन्यात बसत आणि खाली जात. उन्हाळ्यात त्या जिन्यात उभं राहवत नाही, भिंतींना घाम फुटतो. असे पाच शुक्रवार गेले. सहाव्या शुक्रवारी उस्तादांनी स्वतः कडी काढली आणि म्हणाले, "अजून येतोस?"

"यणार."

"मग बस."

मग दोघांनी राणीला परत आणायला घेतलं. उस्तादांची जुनी टिपणांची कार्डं होती, अरबीतली. पण शेवटच्या वर्षांतली त्यांनी जवळजवळ आंधळेपणी लिहिलेली, ओळीवर ओळ चढलेली, अर्धी तर नादियालाही लागत नव्हती. बाकी सगळी भिस्त आठवणीवर. काका पानावरचं वाक्य वाचत. उस्ताद डोळे मिटून ती वस्तू समोर आणत. "निळी अंगठी, कड उडालेली. टी आहे. चित्रलिपीतला, अर्ध्या पावासारखा, भुंग्याच्या शेजारी." काका तिथे टी लिहीत आणि सोमवारी ऑफिस सुटल्यावर तो कॉम्प्युटरवर घालत, एकेक जागा शोधून. सगळं एकदम बदलायचं ते बटन त्यांनी पुन्हा कधी वापरलं नाही. मी मदत करू का विचारलं की म्हणत, "होईल, इंशाल्ला."

दोन-तीन वेळा मीही त्या शुक्रवारी गेले. एकदाचं मला स्पष्ट आठवतं. उस्ताद एका ठशाबद्दल म्हणाले, टी आहे. काका लिहिता लिहिता थांबले.

"उस्ताद, गेल्या जुम्म्याला तुम्ही म्हणाला ह्यात नाय."

"आज म्हणतोय आहे."

"मग मी हितं फुली मारतो."

"फुली कशाला? मी सांगतोय ना तुला!" उस्तादांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी हे बघत आलोय. माझ्या डोळ्यांनी!"

उस्तादांनी दोन्ही हात टेबलावर पसरले, जणू तो ठसा तिथेच कुठेतरी पडला होता आणि हाताला लागेल. हात फिरत फिरत कडेशी येऊन थांबले. मग ते म्हणाले, "मार फुली." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. नादिया स्वयंपाकघरातून आली, तिनं बघितलं आणि परत गेली.

थंडीत उस्तादांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते गेले. जनाज्याला खांदा द्यायला काका होते. एक्कावन्नपैकी चौतीस जागा लागल्या होत्या. सतरा राहिल्या, आणि फुल्या त्याहून कितीतरी जास्त जागी होत्या.

चाळीस दिवस झाल्यावर नादियानं काकांना आणि मला बोलावलं. ती इजिप्तला परत जायचं ठरवत होती. इंग्लंडच्या प्राध्यापकांना तिनं सगळी हकिगत कळवली होती. त्यांनी पुन्हा वाचायची तयारी दाखवली होती, मात्र अर्धवट नको, पूर्ण प्रत हवी, असं लिहिलं होतं. नादियानं कागदांचा गठ्ठा काकांपुढे सरकवला. ती त्यांना अम्मो, म्हणजे काका, म्हणे.

"अम्मो परकार, हे सतरा टी भरा. तुम्हाला आता सगळं कळतं. बाबांना काय म्हणायचं होतं ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. जिथे राणी बसते वाटतं तिथे टी घाला."

काकांनी गठ्ठा जवळ ओढला, पहिलं पान उलटलं, पुन्हा सरळ केलं.

"नाही बेटी."

"का? कुणाला कळणार आहे?"

"मला."

"बाबांचं सगळं आयुष्य आहे त्यात," ती म्हणाली आणि रडू लागली. "तुम्हीच घालवलंत ते. आता परत द्यायची वेळ आली तर नाही म्हणता?"

मला वाटलं, ते आता भरतील. कुणीही भरलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावरही ते दिसत होतं. त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला होता. राणी तिथे असावी असं त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणालाच वाटत नव्हतं.

"बेटी, एकदा मी अंदाजानं काढला," ते म्हणाले. "आता अंदाजानं घालू? असंल तिथं ती असंल. नसंल तिथं मी कोण तिला बसवणार?"

नादिया उठून गेली. आम्ही दोघं निघालो. तिनं ती फुल्यांची प्रत आणि डिस्क इजिप्तला नेली. पुढे कुणाला पाठवली की नाही ते आम्हाला कधीच कळलं नाही. काकांनी तिच्या पत्त्यावर दोन पत्रं घातली. उत्तर आलं नाही.

त्याच वर्षी ऑफिसातली टायपिस्टची जागा बंद झाली. मॅथ्यूसाहेबांनी, त्यांच्या परीनं चांगुलपणानं, काकांना हिद्दच्या गोदामावर गेटपाशी लावलं. व्हिसा टिकला. फाइलींच्या खोलीत मी एकटी जेवू लागले आणि काही दिवसांनी माझ्या टेबलापाशीच जेवू लागले.

पुढे दोन वर्षांनी माझ्या नवऱ्याची बदली मुंबईला झाली. सामान बांधून झालं होतं, निघायला तीन दिवस होते, तेव्हा मी टॅक्सी करून हिद्दला गेले. गोदामं समुद्राच्या बाजूला, रस्ता कच्चा, दोन्हीकडे भरावाची माती. गेटाशेजारी पत्र्याची केबिन होती. काका बाहेर आले. दाढी वाढली होती, अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता आणि तो त्यांना मोठा होत होता. केबिनमध्ये एकच खुर्ची होती, ती त्यांनी बाहेर सावलीत आणून ठेवली आणि मला बसवलं. स्वतः उभे राहिले.

मी निघाल्याचं सांगितलं. त्यांनी मुलाबाळांचं विचारलं, पुण्याचं विचारलं. मी म्हटलं, "काका, बटन मी दाबलं होतं. चूक असणार हेही मीच म्हणाले. तुम्ही उस्तादांना माझं नाव का सांगितलं नाहीत?"

ते रस्त्याकडे बघत होते.

"तुझं सांगितलं असतं तर तू परत गेली असतीस त्यांच्याकडं? दर शुक्रवारी? जिन्यात बसली असतीस?"

मी पर्सचा बंद ओढत राहिले.

"नसतीस गेली," ते म्हणाले. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "तुझं लगीन नवीन, घर लांब. आणि दोष तुझा ठरला असता तर मी कोन्च्या तोंडानं गेलो असतो? मला काय काम ऱ्हायलं असतं तिथं? मला जायचं हुतं, बाय."

मी खाली मान घालून बसले. ते म्हणाले, "रडू नको. टॅक्सीवाला बगतोय."

एवढ्यात माल भरलेली एक लॉरी येऊन उभी राहिली आणि तिनं हॉर्न दिला. मी उठले. काका म्हणाले, "जा, उशीर होईल. घरी तुझ्या साहेबांना सलाम सांग." मी टॅक्सीत बसले. लॉरीवाला पुन्हा हॉर्न वाजवत होता, पण काकांनी आधी ती खुर्ची उचलली, तिच्या पायांची माती हातानं झाडली आणि ती दोन्ही हातांनी समोर धरून, दारात अडखळू नये म्हणून एकेक पाऊल टाकत, ते केबिनमध्ये गेले.